फिजिकल जिऑलॉजी घ्यावी की हिस्टॉरिकल? पहिल्या वर्षाला एकच कोर्स घेता येणार असेल तर

भूविज्ञानाकडे वळणाऱ्यांसमोर कॉलेजात सुरुवातीला साधारण दोन कोर्स असतात, एक फिजिकल जिऑलॉजी आणि दुसरा हिस्टॉरिकल जिऑलॉजी, म्हणजे पृथ्वीचा इतिहास. बऱ्याच जणांचा मुख्य विषय वेगळाच असतो, सायन्सचे क्रेडिट पूर्ण करायचे म्हणून दोन्हीतला एकच घ्यायचा असतो, आणि मग कोणीतरी सांगतं की फिजिकल घे रे, हिस्टॉरिकलमध्ये नुसती नावं पाठ करावी लागतात. हा सल्ला मला पटत नाही, म्हणून दोन्ही कोर्स शेजारी ठेवून सविस्तर लिहितोय.

फिजिकलमध्ये विषय असतो पृथ्वी चालते कशी हा. खनिजं, खडकांचे तीन प्रकार, ज्वालामुखी, भूकंप, नद्या, हिमनद्या, भूजल, आणि या सगळ्याला बांधून ठेवणारं प्लेट टेक्टॉनिक्स, म्हणजे पृथ्वीच्या वरच्या थराचे मोठे तुकडे सरकत असतात हा सिद्धांत. हिस्टॉरिकलमध्ये विषय असतो की 454 कोटी वर्षांत इथे काय काय घडलं, कुठल्या क्रमाने घडलं, आणि हे आपण कशाच्या जोरावर सांगतो. त्यातला हा शेवटचा भाग सगळ्यात भारी आहे आणि नावं पाठ करण्याच्या भीतीपोटी नेमका तोच लोकांच्या हातून निसटतो.

प्रॅक्टिकलपासून सुरू करतो कारण फरक तिथे लगेच दिसतो. फिजिकलच्या लॅबमध्ये ट्रेमध्ये नमुने असतात, तुम्ही एकेक हातात घेऊन ओळखायचे. क्वार्ट्झ काचेवर ओरखडा काढतं कारण खनिजांचा कठीणपणा 1 ते 10 मध्ये सांगणाऱ्या मोहस स्केलवर ते 7 आहे, कॅल्साइट 3 वर आहे म्हणून त्याला ते जमत नाही, पण पातळ हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचा एक थेंब टाका, कॅल्साइट लगेच फसफसतं आणि क्वार्ट्झ ढिम्म. हाताला, डोळ्याला पटकन सवय लागते, आणि ज्याला वस्तू हाताळून शिकायला आवडतं त्याला इथे मजा येते.

हिस्टॉरिकलच्या लॅबमध्ये जीवाश्म असतातच, ट्रायलोबाइट, अ‍ॅमोनाइट, ग्रॅप्टोलाइट वगैरे, पण खरी परीक्षा असते कागदावरच्या एका आकृतीची. समजा जमिनीचा उभा छेद दिलाय. खाली तिरके झालेले गाळाचे थर, त्यांना कापत वर आलेली, थिजलेल्या शिलारसाची भिंत म्हणजे डाइक, त्या डाइकलाही तोडणारा फॉल्ट, म्हणजे जिच्या दोन्ही बाजूंचे खडक सरकलेत अशी भेग, मग झिजलेला पृष्ठभाग आणि त्यावर आडवे पडलेले नवे थर, ज्यांना फॉल्टने हातही लावलेला नाही. आता क्रम लावा. कापणारी गोष्ट कापल्या गेलेल्या गोष्टीपेक्षा नंतरची, खालचा थर वरच्यापेक्षा जुना, एवढ्या दोन नियमांवर सगळं उलगडतं, आणि हे नियम नवे नाहीत, थरांची मूळ तत्त्वं निकोलस स्टेनो या डॅनिश शास्त्रज्ञाने 1669 मध्येच मांडली होती. मग सांगितलं जातं की डाइकचं वय 12 कोटी वर्षं निघालंय आणि वरच्या आडव्या थरांत अगदी तळाशी सापडलेली ज्वालामुखीची राख 9 कोटी वर्षांची आहे. म्हणजे फॉल्ट कधी झाला? त्याने डाइक तोडलाय म्हणजे 12 कोटींच्या अलीकडे, आणि राखेच्या थराला तो तोडत नाही म्हणजे 9 कोटींच्या पलीकडे. फॉल्टचं वय कोणी मोजलेलं नाही तरी त्याला तुम्ही दोन्ही बाजूंनी पकडलंत. हा विचार एकदा डोक्यात बसला की रस्त्यासाठी कापलेल्या डोंगराकडे बघायची नजरच बदलते.

गणिताची भीती असेल तर दोन्हीकडे ओळख कोर्समध्ये ती फारशी नसते. हिस्टॉरिकलमध्ये अर्धायुष्याची गणितं येतात, अर्धायुष्य म्हणजे किरणोत्सारी पदार्थाचा निम्मा भाग विघटित व्हायला लागणारा काळ. खडकांतल्या किरणोत्सारी पोटॅशियम 40 चं अर्धायुष्य 125 कोटी वर्षं आहे, मूळ पोटॅशियम 40 चा एक चतुर्थांश भाग उरलाय म्हणजे दोन अर्धायुष्यं गेली, म्हणजे 250 कोटी वर्षं. बस, साधारण एवढीच पातळी. फिजिकलमध्ये भूकंपाच्या वेगवान पी आणि मागून येणाऱ्या एस लहरी पोचण्याच्या वेळेतल्या फरकावरून भूकंपाचं अंतर काढायचं असतं, तेही आलेख बघून.

पाठांतराचं म्हणाल तर हिस्टॉरिकलमध्ये ते आहे, खोटं कशाला सांगू. कालमापनाचा तक्ता, म्हणजे पृथ्वीच्या इतिहासातल्या कालखंडांची क्रमवार यादी, यावाच लागतो, कँब्रियन, ऑर्डोव्हिशियन, सिल्युरियन करत पुढे. पण फिजिकलमध्येही खनिजांची आणि खडकांची नावं काही कमी नसतात, फक्त ती हातातल्या नमुन्याला चिकटलेली असल्यामुळे जड वाटत नाहीत. तक्त्यातली नावंही घटनांना चिकटवून घ्या, पर्मियन संपतो तो 25 कोटी 20 लाख वर्षांपूर्वीच्या सगळ्यात मोठ्या सामूहिक विनाशाने, क्रेटेशियस संपतो 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी डायनोसॉरसकट, मग आपोआप लक्षात राहतात.

आणि या क्रेटेशियसच्या शेवटावरूनच हिस्टॉरिकल काय देतं ते कळतं. इटलीत गुब्बिओजवळ चुनखडीच्या थरांमध्ये मातीचा जेमतेम एक सेंटीमीटर जाडीचा पट्टा आहे, त्यात इरिडियम नावाचा धातू प्रमाणाबाहेर सापडला, तो पृथ्वीच्या कवचात फार विरळ आणि उल्कांमध्ये जास्त, आणि त्यावरून 1980 मध्ये अल्वारेझ पितापुत्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लघुग्रह आदळल्याची कल्पना मांडली. तेव्हा विवर माहीत नव्हतं, मेक्सिकोतलं चिक्शुलूबचं विवर या घटनेशी नीट जोडलं गेलं ते 1991 मध्ये. पण त्याच सुमाराला दख्खनचे प्रचंड लाव्हा उद्रेकही चालू होते, मग विनाशात कोणाचा वाटा किती यावर वाद झडतच राहिला. चांगला शिक्षक हा वाद वर्गात उघडून ठेवतो, दोन्ही बाजूंचे पुरावे देतो आणि तुम्हाला तोलायला लावतो.

आता फिजिकल आधी घ्यावी असं म्हणतात त्यात तथ्य आहे का, तर आहे. थर वाचायचे तर वाळूचा खडक कुठे तयार होतो, चुनखडी कुठे, हे माहीत हवं. खडक नीट न समजता घेतलेला इतिहास म्हणजे नुसती गोष्ट होते. भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड केल्विनचंच बघा, 1862 मध्ये त्याने पृथ्वी थंड होण्याच्या हिशोबावरून तिचं वय 2 ते 40 कोटी वर्षांच्या मध्ये काढलं. गणित चोख होतं, पण पृथ्वीच्या पोटात उष्णता फक्त वहनाने, म्हणजे घन खडकातून झिरपत, बाहेर येते असं त्याने धरलं होतं, आणि आतला भाग सावकाश वाहत असेल तर हिशोब साफ बदलतो हे 1895 मध्ये जॉन पेरीने दाखवलं. किरणोत्साराचा शोध तर त्यानंतरचा. म्हणजे वयाचा प्रश्न हिस्टॉरिकलचा पण चूक झाली ती फिजिकलच्या भागात. शेवटी 1956 मध्ये क्लेअर पॅटरसनने उल्कांमधल्या शिशाच्या समस्थानिकांवरून, म्हणजे त्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंच्या प्रमाणावरून, 455 कोटी वर्षांचा आकडा दिला आणि आजचा आकडा त्याच्या अगदी जवळ आहे.

म्हणून भूविज्ञानातच पुढे जायचं असेल तर फिजिकल आधी, हिस्टॉरिकल नंतर, यात विचार करण्यासारखं काही नाही. सिव्हिल, पर्यावरण, भूजल, शेती याकडे जाणार असाल तरी फिजिकल, कारण उतार का घसरतो आणि पाणी खडकात कुठे साठतं हे तिथेच शिकवतात. बायोलॉजीवाल्यांनी मात्र हिस्टॉरिकल घ्यावी, उत्क्रांती तुम्ही शिकताच पण तिला काळाची पट्टी इथे मिळते. इतिहास, तत्त्वज्ञान, कायदा, पत्रकारिता अशा विषयांचे असाल आणि सायन्सचा हा एकच कोर्स तुमच्या वाट्याला येणार असेल तर माझं मत ठाम हिस्टॉरिकल, कारण तुटपुंज्या पुराव्यावरून किती सांगता येतं आणि कुठे थांबायचं हे इतक्या स्पष्टपणे शिकवणारा ओळख कोर्स मला दुसरा दिसत नाही.

फक्त नाव नोंदवण्याआधी सिलॅबस मागून बघाच. पहिले काही आठवडे खडक, थर आणि वय काढण्याच्या पद्धतींना दिलेत का ते बघा, कारण दिले असतील तर फिजिकल न घेताही निभावतं. दुसरं म्हणजे कँब्रियनच्या आधीच्या काळाला किती आठवडे आहेत ते मोजा. कँब्रियन सुरू झाला सुमारे 53 कोटी 90 लाख वर्षांपूर्वी, म्हणजे पृथ्वीच्या वयातला जवळपास 88 टक्के काळ त्याच्या आधीचा आहे, ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्सचे 440 कोटी वर्षांचे झिरकॉन खनिजाचे कण, साधारण 240 कोटी वर्षांपूर्वी हवेत ऑक्सिजन साठायला लागणं, लोखंडाचे पट्टेदार खडक, सगळं त्यातच. हे सगळं एका लेक्चरमध्ये उरकून उरलेलं सेमिस्टर डायनोसॉरवर घालवणारा कोर्स असेल तर त्यापेक्षा फिजिकल घ्या. आणि लॅब असलेला व लॅब नसलेला असे पर्याय असतील तर दोन्ही विषयांत लॅबवालाच घ्या, वेळापत्रक थोडं ओढाताणीचं झालं तरी चालेल.