नवी पिल्लं शिंकताहेत, शिटही लाल दिसतेय: आधी कशावर उपचार?

कोंबडीची नवी पिल्लं आणून चार दिवस होत नाहीत तोच दोन-तीन शिंकू लागतात, एखाद्याची शिट लालसर दिसते आणि आपण तीन बाटल्या समोर ठेवून बसतो. सगळी औषधं एकदम पाण्यात ओतू नका. माझा क्रम ठरलेला आहे: आधी रक्ती हगवण, मग श्वास, मग उवा आणि माइट (रक्त पिणारे बारीक किडे). जंतनाशक सगळ्यात शेवटी.

रक्ती हगवण आधी, कारण ती वाट बघत नाही. पिसं फुगवून, डोळे मिटून कोपऱ्यात बसलेलं पिल्लू दोन दिवसांत हातचं जाऊ शकतं. हिचं कारण आयमेरिया हा एकपेशीय परजीवी, म्हणून जंताच्या औषधाने ती हटत नाही. लवकर लक्षात आलं तर अँप्रोलियम पुरतं. ते साधारण पाच दिवस पाण्यातून देतात. ते परजीवीला बी-1 जीवनसत्त्व मिळू देत नाही, म्हणून त्या दिवसांत बी-कॉम्प्लेक्स बंद ठेवा, नाहीतर औषधाची धार जाते. रक्त स्पष्ट दिसत असेल, पिल्लं मलूल असतील तर मी टोल्ट्राझुरिलकडे वळेन. त्याचा कोर्स दोनच दिवसांचा, आणि परजीवीच्या अधिक अवस्थांवर ते काम करतं. दोन्हींचा डोस वजन आणि वय सांगून पशुवैद्याकडूनच घ्या. आणि ओला भुसा आधी काढा, कारण उबदार ओलीत एक-दोन दिवसांत नवा संसर्ग तयार होतो.

श्वासाच्या बाबतीत मी स्वतः चुकले आहे. शिंका ऐकून पाच दिवस अँटिबायोटिक दिलं, फरक शून्य. शेवटी गुडघे टेकून पिल्लांच्या उंचीला नाक नेलं आणि डोळ्यांतून पाणी आलं. भुशातला अमोनिया होता. भुसा बदलला, खालून गार झोत न लागेल अशी हवा खेळती केली, शिंका थांबल्या. पिल्लांना नाहक औषध पाजल्याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून आधी हवा तपासा. मग रात्री शांत झाल्यावर एकेक पिल्लू कानाशी धरा. घरघर, डोळ्यांत फेस, सुजलेला चेहरा असं असेल तर मायकोप्लाझ्मा या श्वासाचा रोग करणाऱ्या जिवाणूचा संशय घ्यावा. इथे टायलोसिन हे अँटिबायोटिक नेमकं. डॉक्सीसायक्लिन या दुसऱ्या अँटिबायोटिकचा आवाका मोठा, पण कॅल्शियमसोबत ते नीट शोषलं जात नाही. दोन्हींनी लक्षणं ओसरतात, पक्षी मात्र रोगवाहक राहू शकतो. विषाणूवर यातलं काहीच चालत नाही. पहिल्या आठवड्यात आवाज न करता धापा टाकणारी पिल्लं बुरशीची असू शकतात, तिथेही अँटिबायोटिक व्यर्थ. मान वाकडी होणं, पाय लुळे पडणं, एकामागून एक मरणं दिसलं तर मानमोडी (राणीखेत) किंवा बर्ड फ्लूचा धोका समजा. प्रयोग थांबवून त्याच दिवशी पशुवैद्याला कळवा.

उवा पक्ष्याच्या अंगावरच राहतात, गुदद्वाराजवळ पिसांच्या मुळाशी लिखांचे पुंजके दिसतात. लाल माइट दिवसा फटीत लपते आणि रात्री रक्त पिते. रात्री फटीवर पांढरा कागद घासा, लाल रेघ उमटली तर खुराडं धुवायचं आहे, नुसतं पिल्लू नाही. दोन्हींत 7 ते 10 दिवसांनी उपचार पुन्हा करावा लागतो. घरघरणाऱ्या पिल्लावर पावडर उधळू नका, ती सरळ छातीत जाते.

जंतांची घाई नको. मोठा गोल जंत अंड्यापासून वाढून नवी अंडी घालायला 5 ते 8 आठवडे घेतो, त्यामुळे दोन आठवड्यांच्या पिल्लाला पायपराझिन हे जंतनाशक देऊन फारसं काही साधत नाही, ते पूर्ण वाढलेल्या गोल जंतांवरच चालतं. फेनबेंडाझोलचा आवाका मोठा. क्रम मोडायचा तो एकाच ठिकाणी: पिल्लू मान ताणून चोच उघडतंय, डोकं झटकतंय, पण डोळे-नाक कोरडे. मग घशातल्या श्वासनलिकेत जंत असू शकतात, आणि तिथे टायलोसिन नव्हे, फेनबेंडाझोल लागतं.

तोवर ही पिल्लं जुन्या कोंबड्यांपासून निदान 30 दिवस वेगळी ठेवा, आणि त्यांना दाणापाणी जुन्या कोंबड्यांनंतर द्या.