टॅम्पात आइस हॉकीची मॅच: स्वेटर घेऊन जा!

बाहेर घामाने शर्ट पाठीला चिकटलाय आणि आत शिरल्यावर स्वेटर घालायचा, टॅम्पा बे लाइटनिंग या इथल्या टीमच्या मॅचची मजा इथूनच सुरू होते.

जायच्या आधी जरा इतिहास माहीत असू द्या, मॅच वेगळीच वाटते. टीम १९९२ ची, फिल एस्पोझितो या जुन्या हॉकीपटूने खूप धडपड करून फ्लोरिडात उभी केली, आणि पहिलं घर म्हणजे चक्क जत्रेच्या मैदानावरचा एक्स्पो हॉल! त्याच वर्षी सराव सामन्यात मानों रेओम गोलकीपर म्हणून उतरली, एनएचएल, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या हॉकी लीगच्या टीमकडून खेळणारी पहिली बाई. नंतर टीम सेंट पीटर्सबर्गच्या थंडरडोममध्ये गेली, ते मुळात बेसबॉलसाठी बांधलेलं, आणि १९९६ च्या प्लेऑफला (हंगामाच्या शेवटच्या बाद फेऱ्यांना) तिथे २८,१८३ लोक आले. उकाड्याच्या गावात हॉकी कोण बघणार म्हणणाऱ्यांना एवढं उत्तर बास.

आत्ताचं अरेना १९९६ चंच. वर २००४, २०२० आणि २०२१ च्या स्टॅनली कपचे (लीगच्या विजेतेपदाचे) बॅनर लटकतायत, बघून खरंच भरून येतं. टेस्ला कॉइल नावाच्या ठिणग्या पाडणाऱ्या यंत्रातून खरीखुरी वीज कडाडते, पोरं तर उड्याच मारतात. पण मला सगळ्यात आवडली झांबोनी, म्हणजे बर्फ गुळगुळीत करणारी गाडी, खेळाच्या दोन पिरियडच्या (भागांच्या) मधे येते, ओरखडे पडलेला बर्फ तासते, मागे गरम पाण्याचा पातळ थर सोडत जाते आणि बघता बघता बर्फ आरशासारखा.

तिकीट वरच्या रांगेचं घेतलं तरी चालेल, उलट पासिंग नीट दिसतं. फक्त पार्किंग आधी बुक करा, जवळच्या एका प्रायव्हेट लॉटवाल्याने आमच्याकडून भरमसाट पैसे घेतले.