सनीसाईड गार्डन्समधला वरचा मजला, पाच आठवडे राहून : पाचपैकी साडेतीन

लेकीचं घर म्हणजे मॅनहॅटनमधली एक खोली, त्यात ती, जावई आणि बाळ, आम्ही दोघं जाऊन पाय कुठं पसरणार? म्हणून तिनं क्वीन्सला सनीसाईड गार्डन्समध्ये एका घराचा वरचा मजला घेऊन ठेवलेला. न्यूयॉर्कात ३० दिवसांच्या आत असा वेगळा मजला भाड्यानं देता येत नाही, तेव्हा पंधरा दिवसांसाठी जाणाऱ्यांनी ह्याच्या नादाला लागू नका.

मला वाटलेलं नुसते टॉवर बघायचे. इथं बघतो तर विटांची बैठी-दुमजली घरं, एकाला एक चिकटून, १९२४ ते १९२८ मधली, आणि रस्त्यावर झाडं एवढी की सकाळी फिरताना आपल्या बेळगावच्या कॅम्पातच आहे असं वाटायचं, गाड्या तेवढ्या उलट्या बाजूनं.

पण खरी गंमत मागच्या दारी. क्लॅरेन्स स्टाईन आणि हेन्री राईट ह्या दोघा आर्किटेक्टनी घरं कडेकडेनं बसवली आणि मधलं परडं सगळ्यांचं सामायिक ठेवलं, करार चाळीस वर्षांचा. साठच्या दशकात ते करार संपले आणि बऱ्याच जणांनी आपापल्या वाटणीला कुंपण घालून टाकलं! हे ऐकून मी हसलोच, म्हटलं भावकी काय खानापूरातच असते व्हय, आजोबा गेले त्या वर्षीच आमच्या परड्यात विहिरीच्या कठड्यापर्यंत तार आलेली. आमच्या खिडकीतून दिसायचं, लाकडी कुंपणाच्या वाटेत एक म्हातारं झाड आलेलं, ते तोडलं नाही, फळीच बुंध्याच्या आकाराची कापून बसवलेली. मी रोज चहा घेऊन तेवढंच बघत बसायचो. आता २००७ पासून वस्ती हेरिटेज आहे, बाहेरून काय बदलायचं तर परवानगी काढावी लागते.

एक पार्क पण आहे, पण सभासदांसाठीच. बाळाला घेऊन गेलो आणि गेटवरनं परत आलो.

दीड स्टार कापला तो स्वयंपाकघरासाठी. मोहरी तडतडायच्या आधी धुराचा अलार्म बोंबलायचा, मग ही टॉवेल घेऊन त्याच्याखाली वारा घालणार आणि मी आमटी बघणार. मालकाला सांगितलं तर म्हणे खिडकी उघडा, खिडकी रंगानं चिकटून बसलेली! शेवटपर्यंत काय उघडली नाही, फोडणी आम्ही झाकण ठेवूनच दिली.

सामानाची काळजी नको. सेव्हन ट्रेननं चौथं स्टेशन ७४ स्ट्रीट, जॅक्सन हाईट्स, तिथं रवा, पोहे, कडीपत्ता सगळं मिळतं, कुंदा सोडून. उत्तरेला रेल्वेचं मोठं यार्ड आहे, लेकीला धास्ती की बाबांची झोप मोडेल. अगं, टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ जन्म काढलाय, गाडीचा आवाज आला नाही तर झोप लागत नाही आम्हाला.

जिना मात्र अरुंद आणि उभा आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी खालचाच मजला मागून घ्या, आणि मोठ्या बॅगा जावयाकडनं चढवून घ्या.