एइरसारख्या उपेक्षित देवतांसाठी घ्यावा असा कोश

रुडॉल्फ झीमेक या ऑस्ट्रियन अभ्यासकाच्या १९८४ सालच्या जर्मन कोशाचा इंग्रजी अनुवाद, 'डिक्शनरी ऑफ नॉर्दर्न मिथॉलॉजी', १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. ओडिन आणि थोर या नॉर्स, म्हणजे प्राचीन स्कँडिनेव्हियन पुराणांतील प्रमुख देवांविषयी कुठेही वाचायला मिळते. या कोशाचे मोल मला एइरसारख्या गौण देवतेपाशी अधिक जाणवते.

तेराव्या शतकात या पुराणकथा लिहून ठेवणाऱ्या आइसलँडच्या स्नोरीने एइरला सर्वोत्तम वैद्य म्हटले, पण त्यापलीकडे तिची एकही कथा सांगितली नाही. अन्यत्र ती एका काव्यातील मेंग्लोड या युवतीच्या सेविकांमध्ये आणि एका नामावलीत वाल्किरींमध्ये, म्हणजे रणात पडणाऱ्या वीरांची निवड करणाऱ्या स्त्रियांमध्ये, आढळते. कथाच नसल्यामुळे तिच्या बाबतीत नाव हाच मोठा पुरावा ठरतो; प्राचीन नॉर्स भाषेत 'एइर' म्हणजे दया, साहाय्य. म्हणूनच ती पुरातन काळापासून पुजली जाणारी देवी होती की एका गुणाला कवींनी दिलेले मानवी रूप होते, हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो.

हा कोश नावांच्या व्युत्पत्तीला मानाचे स्थान देतो आणि नोंदींच्या शेवटी संदर्भही पुरवतो, ही त्याची खरी ताकद आहे. त्यांतील बरेचसे संदर्भ जर्मन असल्याने ती भाषा न जाणणाऱ्याची वाट मात्र तिथे अडते. कथा रंगवून सांगणारे पुस्तक हवे असणाऱ्यांनी हा कोश घेऊ नये. नावांच्या मुळाशी जाऊ पाहणाऱ्यांनी अवश्य घ्यावा.