अम्मी-अब्बांना घेऊन हजला: कमिटीतून जावं की खाजगी टूरमधून?

चिपळूणहून मामेभावाचा फोन आला. "भाई, अम्मी-अब्बांना यंदा हजला न्यायचंय. सोबत मी आणि बायको. कमिटीतून माणशी साडेतीन-चार लाखांत होतंय, टूरवाला साडेसात सांगतोय. दुप्पट पैसे घेऊन हा माणूस जास्तीचं काय देणार आहे?"

प्रश्न बरोबर होता, पण फोनवर दोन तास बोलूनही उत्तर पुरं झालं नाही, म्हणून लिहून काढतोय. २०१९ साली मी अम्मी-अब्बांना घेऊन कमिटीतून, म्हणजे सरकारी हज कमिटी ऑफ इंडियातर्फे गेलो. २०२३ ला बायको तिच्या आई-वडिलांबरोबर खाजगी टूरमधून गेली. मी घरी राहून दिवसाला दहा फोन घेत होतो. दोन्ही हज मनासारखे झाले. त्रासही दोन्हीकडे झाला, पण वेगळ्या ठिकाणी. कुठल्या ठिकाणचा त्रास आपल्या घरच्या म्हाताऱ्यांना झेपेल, हे ओळखता आलं की निम्मा निर्णय झाला.

उतरायचं कुठे: जेद्दा की मदिना

पैशांच्या आधी हे विचारा. टूरवाल्याला कुणी विचारत नाही.

आमचं विमान मुंबईहून थेट जेद्दाला होतं. वाटेत यलमलमची मीकात, म्हणजे हजला जाणाऱ्यांसाठी ठरलेली हद्द लागते आणि ती ओलांडायच्या आत एहरामची नियत करावी लागते, म्हणून आम्ही मुंबईतच एहराम बांधून निघालो. अब्बा तेव्हा एकाहत्तर वर्षांचे. अंगावर न शिवलेली दोन कापडं, डोकं झाकायचं नाही, आणि विमानात एसी असा की दातावर दात आपटत होते. एअर होस्टेसनं ब्लँकेट दिलं ते त्यांनी पायांवर घेतलं, पण झोपेत डोक्यावर जाईल या भीतीनं रात्रभर जागे राहिले. जेद्दाचं हज टर्मिनल बघण्यासारखं आहे. वर दोनशेच्या वर तंबू, १९८१ साली बांधलेले, आणि त्यांची रचना मूळच्या ढाक्याच्या फजलुर रहमान खान यांची. पण तिथे पासपोर्ट, सामान, बस असं करत खोलीत टेकेपर्यंत आमचे नऊ-दहा तास गेले. त्यानंतर हजच्या आधीचा छोटा विधी, उमरा, बाकी. तो झाल्याशिवाय एहराम उतरत नाही. काबाभोवती सात फेऱ्यांचा तवाफ आणि सफा-मरवा या टेकड्यांमधल्या येरझारा, म्हणजे सई, जी एकटीच तीन किलोमीटरच्या वर भरते.

बायकोचा गट मदिनेला उतरला. सासरे लेंगा-सदऱ्यात विमानात बसले, लेंगा-सदऱ्यातच उतरले, जेवले, झोपले. आठ दिवस मदिनेत राहिले, मशिदीत पायी ये-जा केली, उन्हाची आणि गर्दीची सवय झाली. मक्क्याला निघताना जुल-हुलैफाला बस थांबली, आंघोळ करून तिथे एहराम बांधला. साडेचारशे किलोमीटरचा प्रवास झाला खरा, पण उमऱ्याला उभे राहिले तेव्हा पाय ताजे होते.

सत्तरीच्या माणसासाठी मदिना आधी, असं माझं स्पष्ट मत आहे. अडचण अशी की कमिटीत हे आपल्या हातात नसतं. पहिल्या टप्प्यातली विमानं मदिनेला उतरतात, दुसऱ्या टप्प्यातली जेद्दाला, आणि तुमचा विमानतळ कुठल्या टप्प्यात येतो ते वरून ठरतं. टूरवाल्याकडे मात्र विचारून निवडता येतं. कमिटीच्या बाजूनं एवढं सांगायला हवं की २०२४ पासून कमिटीच्या हाजींना जेद्दाहून मक्क्याला हरमैन रेल्वेनं न्यायला सुरुवात झाली. ज्यांच्या वाट्याला ती आली त्यांचा बसचा वैताग बराच वाचला.

महाराष्ट्रातून मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी तीन ठिकाणं आहेत. संभाजीनगरचं भाडं मुंबईपेक्षा बरंच जास्त पडतं, त्यामुळे मराठवाड्यातलेही अनेक जण फॉर्मात मुंबई टाकतात. कोकणातल्यांना हा प्रश्नच नाही. सीएसएमटीजवळचं हज हाऊस आणि तिथं सोडायला आलेली अख्खी वाडी ठरलेली.

अजीजिया आणि हरमचा शेजार

जास्तीचे पैसे खरे जातात इथे. कमिटीची मक्क्यातली राहायची सोय अजीजिया नावाच्या भागात असते. हरम, म्हणजे काबा असलेली मशीद, तिथून पाच-सात किलोमीटर. बस चोवीस तास सुटतात, पण नमाज संपल्यावर लाखभर माणसं एकाच वेळी बाहेर पडली की रांग कुठवर जाते ते बघूनच कळतं. अम्मी पहाटे तीनला उठून निघायची, ते फजर, जोहर आटोपून थेट परतायची. दिवसातून एकच खेप. हजच्या तोंडावर काही दिवस त्या बसही बंद होतात, मग गल्लीतल्या मशिदीत नमाज.

टूरवाल्याचं हॉटेल हरमपासून चालत सात-आठ मिनिटांवर होतं. सासूबाई पाचही वेळा जाऊन यायच्या आणि मध्ये येऊन पडायच्या. गुडघे दुखणाऱ्या माणसाला या फरकाची किंमत विचारा.

पण एक शब्द लक्षात ठेवा: शिफ्टिंग. बायकोच्या टूरच्या कागदावर "हरमपासून ५०० मीटर" एवढंच ठळक छापलेलं होतं. हजच्या चार दिवस आधी त्यांना सामानासकट अजीजियातच हलवलं आणि हज झाल्यावर पुढचे दिवसही तिथेच ठेवलं. ५०० मीटरचं हॉटेल मिळालं एकूण सहा रात्री. भांडण झालं तेव्हा मालकानं शांतपणे मागच्या पानावरची बारीक ओळ दाखवली. त्यात फसवणूक नव्हती. आम्हीच वाचलं नव्हतं. तेव्हा किती रात्री कुठल्या हॉटेलात, हे तारखांसकट लिहून मागा.

दुसरी गोष्ट मला तिथे गेल्यावरच उमगली. हरमला लांब असलेलं अजीजिया जमरातला, म्हणजे खडे मारायच्या जागेला, मात्र जवळ आहे. सैतानाला खडे मारायच्या दिवसांत आम्ही चालत जाऊन खोलीवर यायचो, आणि हरमजवळच्या पंचतारांकित हॉटेलातले लोक टॅक्सीला पाचपट रियाल मोजत उभे असायचे.

हजचे पाच दिवस

टूरवाले यावर फार बोलतात. माझ्या मते इथला फरक सगळ्यात कमी आहे.

हजच्या दिवसांत मुक्काम मीनात, मक्क्याजवळच्या तंबूंच्या वस्तीत असतो. तिथल्या तंबूत कमिटीच्या माणसाला गादी मिळते, टूरच्या माणसाला सोफा-कम-बेड. त्यांना बुफे, आपल्याला डबा. त्यांचा तंबू कदाचित जमरातला जवळ, आपला लांब, आणि हे जवळ-लांब मात्र खरंच महत्त्वाचं. मक्तब (हाजींची तिथली व्यवस्था बघणारं ऑफिस) कुठला, तंबू कुठल्या झोनमध्ये, हे टूरवाल्याला जरूर विचारा. संडासाची रांग दोन्हीकडे सारखीच. मुजदलिफाच्या मैदानातली रात्र तर सगळ्यांना उघड्यावर, चटईवर. तिथं साडेसात लाखवाला आणि साडेतीन लाखवाला शेजारी शेजारी वाकून खडे वेचतो: एकोणपन्नास, आणि जिलहजच्या तेरा तारखेपर्यंत राहायचं असेल तर सत्तर.

आमच्या अरफातच्या दिवशी (त्या मैदानात थांबून दुआ करायचा हजचा मुख्य दिवस), १० ऑगस्ट २०१९ ला, दुपारनंतर अचानक धो धो पाऊस आला. तंबूचं कापड फडफडायला लागलं, बायका सामान उचलून उभ्या राहिल्या, आणि अब्बा बाहेर हात काढून पावसात धरून बसले. "रत्नागिरीचा पाऊस इथपर्यंत आला बघ," म्हणाले. तिथून मुजदलिफाला जायला आम्हाला मेट्रोचे मनगटावर बांधायचे पट्टे मिळाले होते. मेट्रो म्हणजे सुख, पण स्टेशनच्या रॅम्पवर दीड-दोन तास उभं राहायची तयारी हवी. टूरच्या बस वातानुकूलित होत्या आणि त्याच गर्दीत चार तास अडकल्या. सासरे म्हणाले, निदान बसून अडकलो.

ऊन हा दोघांचा सारखाच शत्रू. हजची तारीख दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकते, २०२६ चा हज मेच्या शेवटी येतो. जून २०२४ मध्ये मक्क्यात पारा ५१.८ अंशांवर गेला होता आणि १,३०१ हाजी दगावले. त्यातले ८३ टक्के परवान्याशिवाय आलेले, म्हणजे ज्यांना तंबू नव्हता, बस नव्हती, सावली नव्हती. म्हणून "व्हिजिट व्हिसावर स्वस्तात हज करून देतो" म्हणणारा कुणी भेटला, तर त्याला कमिटी आणि टूरच्या जोडीला तिसरा पर्याय समजू नका. सौदीत त्यासाठी वीस हजार रियालपर्यंत दंड आहे, ते वेगळंच.

कुटुंब एकत्र राहतं का

कमिटीत एका फॉर्मला कव्हर म्हणतात. कुर्रा (सोडत) कव्हरचा निघतो. नंबर लागला तर कव्हरमधल्या सगळ्यांचा लागतो, नाही तर कुणाचाच नाही. विमान, इमारत, मीनाचा तंबू, सगळं कव्हरवर चालतं. वेगवेगळे फॉर्म भरून "तिकडे भेटूच" म्हणणारे भाऊ मी पाहिलेत. एक इकडच्या इमारतीत, दुसरा तीन किलोमीटरवर, आणि आई कुणाकडे यावरून फोनाफोनी. जायचं असेल तर एकाच कव्हरमध्ये जा.

आमच्या वेळी एका खोलीत दोन-तीन जोडपी असायची, मध्ये दोरी बांधून चादर टाकायची. २०२५ च्या हजपासून नियम बदलला. पुरुषांच्या आणि बायकांच्या खोल्या वेगळ्या, नवरा-बायकोसुद्धा एका खोलीत नाहीत. ज्या घरात म्हातारीला इन्सुलिन म्हाताराच देतो, त्यांनी याचा आधीच विचार करावा. सून किंवा मुलगी सोबत असेल तर प्रश्न सुटतो. टूरमध्ये दोघांची खोली मिळते, पण जाहिरातीतला आकडा सहसा चौघांच्या खोलीचा असतो, दोघांचा ऐकल्यावर घाम फुटतो.

लहान मुलांचा विषय एका ओळीत संपतो. २०२५ ला सौदीनं बारा वर्षांखालच्या मुलांना परवानगीच दिली नाही. नात सोबत न्यायचं स्वप्न असेल तर आधी त्या वर्षीचा नियम बघा.

आता जे पुरुष कधी विचारत नाहीत ते. पाळी चालू असताना तवाफ करता येत नाही आणि तवाफ-ए-जियारत, म्हणजे हजचा मुख्य तवाफ, झाल्याशिवाय हज पुरा होत नाही. कमिटीचा मुक्काम जवळपास चाळीस दिवसांचा, त्यामुळे थांबायला सवड असते. टूरच्या अठरा-वीस दिवसांच्या पॅकेजात हजनंतर चौथ्या दिवशी परतीचं विमान असेल, तर तरुण बाईच्या जिवाला घोर लागतो. बायकोच्या गटातल्या एकीचं तिकीट याच कारणानं पुढे ढकलावं लागलं. २०२६ साठी कमिटीनंही साधारण वीस दिवसांचा छोटा हज आणलाय. नोकरदारांना तो सोयीचा, पण सून सोबत असेल तर तिला विचारूनच खूण करा.

घरात पुरुष सोबत नसेल तरी अडत नाही. २०१८ पासून पंचेचाळिशीच्या वरच्या बायका महरमशिवाय, म्हणजे नवरा किंवा जवळच्या नात्यातला पुरुष सोबत नसताना, कमिटीतून जातात. माझ्या खाला (मावशी) तशाच जाऊन आल्या आणि आल्यापासून मोहल्ल्यात सल्ले देत फिरतात.

पैसे आणि भरवसा

कमिटीचं अनुदान २०१८ लाच बंद झालं, तेव्हा "सरकारी खर्चानं जातात" हे ऐकून घ्यायचं कारण नाही. पूर्ण रक्कम आपण हप्त्यांनी भरतो आणि पावती मिळते. जायला मिळेल की नाही हे मात्र कुर्र्यावर. टूरमध्ये पैसे भरले की जागा पक्की, असं आपण धरून चालतो. २०२५ ला तेही खोटं ठरलं. खाजगी कोट्यातल्या बावन्न हजारांवर जागांचे तिकडचे करार मुदतीत झाले नाहीत, नंतर दहा हजारांपुरतीच वाट पुन्हा उघडली. बाकीचे पैसे भरून घरी राहिले. टूर घ्यायचीच असेल तर अल्पसंख्याक मंत्रालयाच्या त्या वर्षीच्या यादीत नाव आहे का बघा, जीएसटी-टीसीएस धरून आकडा मागा, आणि पैसे रोखीत देऊ नका, मग तो मालक तुमच्या मशिदीचा ट्रस्टी का असेना.

मामेभावाला काय सांगितलं

मामा त्र्याहत्तरचे, पण रोज शेतावर जाणारे. मामी सदुसष्टच्या, रक्तदाब आहे, गुडघे ठीक. सोबत धडधाकट मुलगा आणि सून. या घराला कमिटी पुरेशी आहे. पासष्टच्या वरच्यांसाठी सोबत्यासह वेगळा राखीव गट आहे, त्यात नंबर लागायची शक्यताही चांगली. उरलेल्या पैशांतले थोडे तिकडे हरममधल्या व्हीलचेअरला ठेवायचे. गच्चीवरून तवाफ करायची वेळ आली तर एकेक फेरी पाऊण-एक किलोमीटरची होते, तिथे हट्ट करायचा नाही. मामींचे गुडघे गेलेले असते किंवा मुलगा सोबत नसता, तर मी मदिनेला उतरणारी, शिफ्टिंग नसलेली टूरच सांगितली असती, कर्ज न काढता जमत असेल तर.

त्यानं फॉर्म भरलाय. सध्या मामा-मामी रोज असरच्या (दुपारनंतरच्या) नमाजानंतर वाशिष्ठीच्या पुलापर्यंत चालून येतात. बूट आणून दिलेत, पण मामी अजून सपाताच घालतात.