खाऱ्या हवेतले बीएलडीसी पंखे: उन्हाळा, पावसाळा, थंडी काढल्यावर

आमचं घर गुहागरला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. इथे पंखा मार्चात जो सुरू होतो तो पावसातही थांबत नाही. दिवे कधीच एलईडी झाले होते. आंघोळीचं पाणी बंबात नारळाची सोडणं-चुडतं घालून तापतं, त्यामुळे गिझरचा प्रश्न नाही. बिल उतरवायचं तर उरले पंखेच. मग ओटी, माजघर आणि माळ्यावरची खोली असे तीन बीएलडीसी पंखे (ब्रश नसलेल्या मोटरचे, कमी वीज खाणारे) घेतले, एकेक तीन हजारांच्या आसपास.

जुना पंखा 75 वॅटचा, हा फुल स्पीडला 30 च्या आसपास. रोज 20 तास फिरला तर दीड युनिटाऐवजी 0.6, म्हणजे महिन्याला एका पंख्यामागे 27 युनिट कमी. महावितरणचा दर 100 युनिटांपुढे चांगलाच चढतो आणि वाचलेली युनिटं त्या महाग टप्प्यातलीच असतात. आमचा उन्हाळ्यातला महिन्याचा 170-180 युनिटांचा आकडा 110-120 वर आला. गणपतीत मात्र चाकरमानी घरी, विहिरीचा पंप दिवसातून तीनदा. ते बिल पंख्यांनी काय आवरणार!

पण माझ्या दृष्टीने खरा फायदा वेगळाच. संध्याकाळी व्होल्टेज पडलं की जुने पंखे पाती मोजता येतील इतके मंद व्हायचे. हे तसेच फिरतात. इन्व्हर्टरवर जुन्यांची घूं-घूं असायची, तीही गेली, आणि बॅटरी दुपटीने पुरते. निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडच्या लोकांनी किती दिवस अंधारात काढले ते आठवलं की हे बिलापेक्षा मोठं वाटतं.

आता तक्रारी. वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि ओटीवरच्या पंख्याचं सर्किट गेलं. जुन्या पंख्याचा कंडेन्सर गावातला वायरमन शे-दीडशेत बदलून देतो, याचा बोर्ड कंपनीकडूनच यावा लागतो. वॉरंटीत फुकट मिळाला, पण माणूस यायला तीन आठवडे लागले, तेही ऐन उकाड्यात. तेव्हापासून ढग गडगडले की बटण बंद. खाऱ्या हवेने दांडी आणि क्लॅम्पवर गंज धरलाय. गंजरोधक रंग बसवण्याआधीच मारून घ्या, वर चढून मारणं कटकटीचं आहे. जुना रेग्युलेटर काढायला वायरमनला बजावून सांगा, यांना तो चालत नाही.

रिमोट निम्मा वेळ गाद्यांखाली सापडतो. सासूबाई त्याला हातच लावत नाहीत. भिंतीवरचं बटण बंद-चालू केलं की आमच्या मॉडेलचा स्पीड बदलतो, तेवढं त्यांना पुरतं.

ओटी-माजघराच्या पंख्यांचे पैसे दीड वर्षात सुटतील. माळ्यावरचा पाहुणे आले तरच फिरतो, तिथे जुनाच ठेवला असता तरी चाललं असतं.