जागतिक पाहणी की रुग्णालयाचा स्वतःचा तक्ता?
अपेंडिक्स फुटून पोटात पू झाला तर कल्चरचा, म्हणजे पुवातले जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीचा, रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात. अँटिबायोटिक मात्र लगेच सुरू करावं लागतं. कोणतं?

२००२ साली पोटातल्या संसर्गांपासून सुरू झालेल्या ‘स्मार्ट’ या अँटिबायोटिकला होणाऱ्या प्रतिकाराच्या जागतिक पाहणीत देशोदेशीचे ई. कोलाय, क्लेब्सिएला हे जिवाणू मध्यवर्ती प्रयोगशाळेत एकाच पद्धतीने तपासले जातात. त्यामुळे देशादेशांतली तुलना भरवशाची. खर्च मर्क या औषधकंपनीचा, हे मात्र ध्यानात ठेवायलाच हवं.

रुग्णालयाचा स्वतःचा अँटिबायोग्राम, म्हणजे तिथल्या कोणत्या जिवाणूवर कोणतं अँटिबायोटिक किती टक्के वेळा चालतं याचा तक्ता, लहान असतो. एका जिवाणूचे किमान ३० नमुने नसतील तर टक्केवारीवर भिस्त ठेवू नये. एकाच रुग्णाचे नमुने पुन्हापुन्हा मोजले, तर प्रतिकार फुगून दिसतो. तरीही समोरच्या रुग्णासाठी आधी हाच तक्ता बघावा. त्यातले जंतू याच परिसरातले असतात.